‘आधी नमुना दाखवा’ : मजकूर आणि डिझाइन एकत्र करणाऱ्यांची फसवणूक कशी होते

मजकूर आणि मांडणी दोन्ही एकाच हाताने करणाऱ्याला लुबाडणं सोपं असतं, कारण त्याचा पहिला नमुना म्हणजे जवळजवळ पूर्ण झालेलं काम असतं. मथळा, आतला मजकूर, रंगसंगती, ब्रोशरच्या घड्यांची मापं (आत वळणारं पॅनेल, म्हणजे घडीचा भाग, 97 मिमी, बाकीची दोन 100 मिमी) हे सगळं एका फाइलीत आयतं हाती लागतं.

प्रकार बहुधा असा चालतो. ए-फोर आकाराच्या, सहा पॅनेलच्या ब्रोशरची चौकशी येते. दरावर घासाघीस नाही, वर ‘वर्षभराचं काम तुम्हालाच’ असं आमिष. मग घाई: साहेब उद्या बाहेरगावी चाललेत, आज रात्री काहीतरी दाखवा. नमुना गेला की प्रेसवाल्याला माप तपासायचंय, पीडीएफ किंवा सीडीआर (कोरलड्रॉ या डिझाइनच्या सॉफ्टवेअरची मूळ फाइल) पाठवा. ती मिळाली की ‘साहेबांना पसंत नाही पडलं’, आणि पुढे फोन उचलणं बंद. ब्रोशर मात्र दुसरीकडे छापून होतं.

ज्याला खरंच छापायचं आहे तो प्रती किती, कागद 130 जीएसएमचा (जीएसएम म्हणजे कागदाचं दर चौरस मीटरचं वजन ग्रॅममध्ये) की 170चा, माल कधी पाहिजे, हे बोलतोच. यातलं काहीच न विचारता नुसता नमुना मागणाऱ्यापासून सावध राहा.

सगळ्यात मोठा घात पीडीएफमुळे होतो. इलस्ट्रेटर या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमधून पीडीएफ करताना ‘एडिटिंग कॅपॅबिलिटीज’ (फाइल पुन्हा बदलता येण्याची सोय) जपण्याची खूण राहिली, तर समोरच्याला जवळपास मूळ फाइलच मिळते. अक्षरांचे कर्व्ह केले, म्हणजे अक्षरांच्या नुसत्या आकृत्या करून टाकल्या, तरी आकृत्या व्हेक्टरच राहतात, म्हणजे हव्या तशा मोठ्या करता आणि बदलता येतात. कोरलड्रॉमध्ये उघडून लोगो बदलायला कितीसा वेळ लागतो? कर्व्ह न केलेला युनिकोड मजकूर तर सरळ कॉपी होतो. म्हणून पैसे येईपर्यंत फक्त जेपीजी पाठवा, लांब बाजू 1000 पिक्सेल. ए-फोरवर ते जेमतेम 85 डीपीआय (दर इंचाला ठिपके) पडतात, छपाईला 300 लागतात. वॉटरमार्क कोपऱ्यात नको, तो कापून टाकतात. मजकूर आणि चित्र दोन्हींवरून तिरका जाऊ द्या. पण चित्र कितीही धूसर केलं तरी वाचता येणारा मजकूर कोणीही टाइप करून घेईल. म्हणून मुखपृष्ठाचा मथळा आणि एकच परिच्छेद खरा ठेवा, उरलेल्या जागी भरणीचा मजकूर.

निम्मी रक्कम आगाऊ घ्या, उरलेली छपाईची फाइल देण्याआधी. मजकुराचे आणि डिझाइनचे पैसे कोटेशनमध्ये वेगळे लिहा, म्हणजे एक उचलून दुसरं नाकारता येत नाही.

1957च्या कॉपीराइट कायद्यानुसार स्वतंत्रपणे काम करणाऱ्याने रचलेल्या मजकुराचा पहिला मालक तो स्वतःच असतो, आणि हक्क लेखी कराराशिवाय दुसऱ्याच्या नावावर होत नाहीत. पैसे घेऊन काढून दिलेल्या फोटोंचं उलट आहे: वेगळा करार नसेल तर मालक ग्राहक. त्यामुळे ‘पूर्ण रक्कम मिळाल्यावरच हक्क हस्तांतरित’ हे वाक्य सहीसकट हवंच. उद्यम नोंदणी (लघुउद्योगाची सरकारी नोंदणी) असेल तर 2006च्या एमएसएमईडी या लघुउद्योगांच्या कायद्याखाली 45 दिवसांपुढे अडकलेल्या बिलावर व्याजही मागता येतं.

आगाऊ रक्कम द्यायच्या नावाखाली कोणी क्यूआर कोड पाठवून पिन टाकायला सांगितलं, तर तिथेच थांबा. यूपीआयवर पैसे घ्यायला पिन लागत नाही. पैसे गेलेच असतील तर लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा.