वेस्टगेटची नळी: कॉम्प्रेसरवरून की मॅनिफोल्डवरून?

पेट्रोल गाडीला घरी टर्बो बसवताना या बारक्या नळीपाशीच घोळ होतो. वेस्टगेट म्हणजे दाब पुरेसा झाला की उघडून एक्झॉस्टला टर्बोच्या बाजूनं वाट देणारी झडप. दाब किती झाला ते तिला या नळीतून कळतं. मॅनिफोल्डवरून, म्हणजे थ्रॉटलच्या पुढे हवा सिलिंडरांत नेणाऱ्या भागावरून, घेतली तर इंजिनाला मिळणारा खरा दाब वेस्टगेटला कळतो. पण बेळगावहून गोव्याला जाताना चोर्ला घाटात अर्ध्या थ्रॉटलवर (इंजिनात हवा सोडणारी झडप अर्धीच उघडी) गाडी चढते, तेव्हा थ्रॉटलच्या अलीकडे दाब साचतो आणि मॅनिफोल्डमध्ये कमीच असतो. वेस्टगेट बंदच राहतं, टर्बो नको तितका फिरतो. म्हणून मी कॉम्प्रेसरच्या, म्हणजे टर्बोच्या हवा दाबणाऱ्या भागाच्या, निपलवरूनच घेतो. पुढे दाबलेली हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरमध्ये थोडा दाब घटतो, घटू दे.

थ्रॉटल सोडल्यावर साचलेला दाब बाहेर सोडणाऱ्या ब्लो-ऑफ व्हॉल्व्हला मात्र मॅनिफोल्डच हवं, व्हॅक्यूमवरच तो उघडतो.

आणि नळी सिलिकॉनची घ्या. माझी रबरी नळी निपलपाशी नखाएवढी चिरली होती. तेवढ्यानं दाब गळून वेस्टगेटपर्यंत पोचेना आणि बूस्टचा (टर्बोच्या दाबाचा) काटा थांबेचना.