ग्वाल्हेरहून उडावं की दिल्ली गाठावी?

लष्करात राहणाऱ्या ज्यांची भावंडं मुंबई-ठाण्याकडे आहेत, त्यांना हा प्रश्न वर्षातून दोन-तीनदा पडतोच. (लष्कर म्हणजे आमची वस्ती, फौज नव्हे. फौज या लेखात पुढे येणारच आहे, म्हणून आधीच सांगून ठेवतो.) थेट विमान असेल तर महाराजपुऱ्याहून, म्हणजे ग्वाल्हेरच्याच विमानतळावरून, बसावं, की सकाळची वंदे भारत धरून निजामुद्दीनला उतरावं आणि संध्याकाळी दिल्लीहून उडावं? दोन्ही मी पुष्कळदा केलंय. भाड्यातला फरक तुम्ही मोबाईलवर बघालच, तो इथे मांडत बसत नाही.

ग्वाल्हेरच्या बाजूने बोलायचं तर पहिली गोष्ट म्हणजे घरचं जेवण जेवून निघता येतं. बाळाबाईच्या बाजारातून रिक्षा केली, गोले का मंदिरपाशी नेहमीची कोंडी सोसली की पुढे भिंड रोडला लागलोच. मार्च 2024 मध्ये नवं टर्मिनल झाल्यापासून तिथे बसायलाही बरं वाटतं. दगडी जाळीची आठवण करून देणारी सजावट, ऐसपैस खुर्च्या, आईसाठी व्हीलचेअर लगेच हजर. जुन्या टर्मिनलमध्ये विमान चुकून दोन तास थांबलं तर माणूस भिंतीला टेकून उभा असायचा.

पण टर्मिनल नवं झालं, धावपट्टी तीच राहिली. ती हवाई दलाची. विमानतळ प्राधिकरणाचं राज्य टर्मिनलच्या दारापर्यंत. विमानाला ये म्हणणं, थांब म्हणणं, जा म्हणणं हे सगळं हवाई दलाच्या टॉवरमधून होतं. भाडेकरूने पदरचे पैसे घालून वाड्याला सुंदर ओसरी बांधावी आणि दिंडी दरवाजाची किल्ली मात्र मालकाकडेच असावी, तसं आहे हे. तक्रार नाही, वाडा त्यांचाच आहे. 1985 पासून इथे मिराज ही लढाऊ विमानं आहेत, 2019 च्या फेब्रुवारीत बालाकोटला गेलेली विमानं इथूनच उडाली होती. ग्वाल्हेरचा माणूस या बाबतीत वाद घालत नाही.

लढाऊ विमानांना आधी वाट का द्यावी लागते, हे मला एका निवृत्त शेजाऱ्यांनी अंगणात खडूने रेघा ओढून समजावलं होतं. प्रवासी विमान लांबून सरळ रेषेत, सावकाश उतरत येतं. लढाऊ विमानं जोडीने किंवा चौघं मिळून धावपट्टीवरूनच वेगात जातात, एकामागून एक वळतात आणि आखूड फेरा घेऊन टेकतात. सरावाहून परतताना त्यांच्याजवळ इंधन बेताचंच असतं, त्यांना ताटकळत ठेवता येत नाही. मग ताटकळतं कोण? आपण. शिवाय वर जो सराव चालतो तो पोरखेळ नव्हे. जानेवारी 2023 मध्ये इथूनच सरावाला निघालेलं एक सुखोई आणि एक मिराज आकाशात धडकून कोसळली, मिराजचा वैमानिक गेला. अशा आभाळात कुठलाही नियंत्रक प्रवाशांनी भरलेलं विमान मध्ये घेणार नाही, आणि घेऊही नये.

इतकं सगळं समजून-उमजूनही माझं मन जिथे फिरलं ती गोष्ट आता सांगतो.

ठाण्याला भाचीचं लग्न होतं. आमच्या वहिनींनी रुखवतासाठी साखरेचा ग्वाल्हेरचा किल्ला केला होता. मानमंदिराचे घुमट, तेलीच्या देवळाचं उंच शिखर, सगळं. तो खोका मांडीवर घेऊन मी टर्मिनलमध्ये बसलो होतो. येणारं विमानच पहिल्या गावाहून उशिरा सुटलेलं. मुलाने फोनमध्ये घालून दिलेल्या ॲपवर मी त्याचा पिवळा ठिपका बघत होतो. ठिपका दतियापर्यंत आला आणि तिथेच गोल फिरायला लागला. एक फेरा, दोन, तीन. ॲपवर आमच्या आसपासचं आभाळ अगदी रिकामं, एक काकपक्षी नाही. आणि काचेबाहेर मिराजच्या आवाजाने खुर्च्या थरथरतायत. लष्करी विमानं त्या नकाशावर सहसा दिसत नाहीत, हे तेव्हा उमगलं. पाचव्या फेऱ्यानंतर ठिपक्याने तोंड फिरवलं आणि उत्तरेला निघून गेला.

काउंटरवरच्या पोराला विचारलं. तो म्हणाला, "अंकलजी, ऑपरेशनल रीझन है." किती वेळ? "ऑपरेशनल रीझन." परत येणार का? तो नुसता हसला. तासाभराने रद्द झाल्याचा मेसेज आला, त्यातही तेच दोन शब्द. उशिरा आलेल्या विमानाची ठरलेली वेळ टळली होती आणि त्यानंतर धावपट्टी मोकळी नव्हती, इतकी साधी गोष्ट. ती मला दोन दिवसांनी शेजाऱ्यांकडून कळली. ज्या कंपनीने पैसे घेतले तिने सांगायला हवी होती. मी गुपित विचारत नव्हतो. रात्रीच्या गाडीला धावायचं की नाही, एवढंच विचारत होतो. किल्ला शेवटी पॅसेंजरांच्या गर्दीतून दिल्लीमार्गे ठाण्याला पोचला, तोवर सीमांतपूजन उरकलं होतं आणि तेलीचं देऊळ कलतं झालं होतं.

आता दिल्ली. तिथलं आभाळ मोकळं आहे असं कुणी समजू नये. हवाई दलाचा पालम तळ त्याच आवारात, पलीकडे त्यांचाच हिंडनचा तळ. 1996 च्या नोव्हेंबरात चरखी दादरीवर दोन विमानं धडकली आणि 349 माणसं गेली. त्या वेळी दिल्लीभोवतीचं बरंचसं आभाळ हवाई दलाकडे राखीव असल्याने येणारी-जाणारी नागरी विमानं एकाच पट्ट्यातून वर-खाली जात होती. त्यानंतर येण्याचे आणि जाण्याचे मार्ग वेगळे झाले. 2020 च्या मे महिन्यात अर्थमंत्र्यांनीच सांगितलं होतं की देशाच्या हवाई हद्दीतली 60 टक्केच नागरी विमानांना मोकळेपणी वापरता येते. उरलेल्या भागातून, लष्कराचं काम नसेल त्या वेळी, प्रवासी विमानांना जाऊ द्यायचं, असं धोरण आता आहे. त्याने वळसे कमी होतात म्हणे. प्रवाशाला ते जाणवतं असं मात्र मी छातीठोकपणे सांगणार नाही.

पण दिल्लीचा एक गुण मला फार मोठा वाटतो. तिथे अडवतात ते सांगून अडवतात. प्रजासत्ताक दिनाच्या आधीच्या आठवड्यात सकाळी साधारण सव्वादहा ते पाऊण वाजेपर्यंत आभाळ बंद, हे पेपरात आधी छापून येतं. आपण दुपारचं तिकीट काढतो, प्रश्न मिटतो. आणि आपलं विमान रद्द झालंच तर दोन तासांनी दुसरं असतं. ग्वाल्हेरला दुसरं म्हणजे उद्या, कधी परवा.

दिल्लीचे तोटेही आहेत, नाही म्हणत नाही. दिवस जातो. निजामुद्दीनहून टॅक्सीवाल्याशी हुज्जत, टर्मिनलमध्ये मैलभर चाल, आणि पौष महिन्यात धुकं पडलं की गाडीच चार तास लेट. त्या दिवसांत मी एक रात्र आधी निघतो, आत्याकडे पहाडगंजला मुक्काम करतो. ज्यांची तिथे आत्या नाही त्यांनी हा खर्च धरावा.

पुण्याला जाणाऱ्यांनी मात्र माझं सगळं ऐकू नये. तुम्ही दिल्लीहून उडालात तरी उतरणार लोहगावलाच, आणि तेही हवाई दलाचंच. तिथे विमानांची ये-जा खूप असल्याने एकाची वेळ हुकली तर दुसऱ्याची सोय होते, एवढाच फरक. गोव्याला निघाला असाल तर नौदलाच्या दाबोळीऐवजी मोपाच्या नागरी विमानतळाचं तिकीट बघा, असं आमचे तिकडचे पाहुणे सुचवतात. स्वतःचा अनुभव नाही.

आणि ज्यांना ठरावीक वेळी पोचायचंच असं काही नाही, गुडघे दुखतात, गाडीत चढणं-उतरणं जमत नाही, त्यांना ग्वाल्हेरच बरं पडेल. आईला मी तिथूनच नेतो. ती खिडकीपाशी बसते, चार मिराज उतरेस्तोवर आमचं विमान कडेला उभं असतं, आणि तिला ते आवडतं. फोटो काढायला बंदी आहे हे मी दर वेळी सांगतो, ती दर वेळी मोबाईल बाहेर काढते.

वैशाखात ठाण्याला मुंज आहे, मुहूर्त सकाळी नऊ बावीसचा. वंदे भारतची दोन तिकिटं काल काढली.