जांभ्याच्या भिंतीवर चित्र: ॲक्रिलिक की चुना?

बेळगावच्या जुन्या गल्ल्यांत आणि खानापूर भागात रस्त्याकडेच्या अनेक भिंती जांभ्या चिऱ्याच्या आहेत. त्यांवर चित्र काढायचे तर विषयाआधी रंगाचा विचार करावा लागतो. ॲक्रिलिक झटपट वाळते, हवी ती छटा देते. सिमेंटच्या कोरड्या गिलाव्यावर मी तेच निवडेन. जांभा मात्र सच्छिद्र असतो. जून ते सप्टेंबरच्या पावसात त्याने शोषलेले पाणी बाहेर पडू पाहते तेव्हा ॲक्रिलिकचा थर त्याला अडवतो, चित्रातल्या चेहऱ्यावर फोड येतात आणि नखाने टोकरले तरी पापुद्रा सुटतो, ज्याच्या पाठीला लाल भुकटी चिकटलेली असते. ओल्या चुन्याच्या गिलाव्यावर लावलेला रंग, चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन घट्ट होताना, त्यातच पक्का बसतो आणि भिंतीतली ओल बाहेर पडायला वाट राहते. गेरू, पिवडी, काजळी असे चुन्यात टिकणारे मोजकेच रंग चालतात, कामही गिलावा ओला असेपर्यंतच उरकावे लागते; तरीही जांभ्यासाठी मला चुनाच योग्य वाटतो, कारण रस्त्यावरचे चित्र भिंतीच्या जिवावर उठता कामा नये. बेळगावच्या किल्ल्याच्या दगडाला मात्र यांपैकी कोणताच रंग लागू नये.