गरम झाल्यावरच येणारा ठोका: डिझेल पिकअप, काही महिन्यांच्या वापरानंतर

या पिकअपबद्दल लिहायचं होतं ते हौदा, लोड आणि मायलेजबद्दल. ते आता चार वाक्यांत आटोपतो, कारण मध्येच इंजिनात ठोका सुरू झाला आणि अधिकृत सर्व्हिस सेंटरने काहीही न उघडता इंजिन उतरवायचा निकाल दिला. इंजिन उतरवलं नाही, उतरवायची गरजही नव्हती. ते कसं ठरलं, हे लिहून ठेवणं मला जास्त महत्त्वाचं वाटतं.

तर ती चार वाक्यं. भरलेल्या हौद्यावर गाडी रिकाम्यापेक्षा स्थिर चालते. क्लच हलका आहे, चढावर दुसऱ्या गिअरमध्ये कुरकुर नाही. सीट लांबच्या फेरीत कंबर धरते. बाकीचे आकडे सगळ्यांना पाठ आहेत.

आता ठोका. थंड इंजिनवर काहीच नाही. इंजिन पूर्ण गरम झालं की आयडलिंगला खालच्या बाजूने जाड, ठसठशीत ठक-ठक. हलकी रेस दिली की आणखी स्पष्ट. लोड घेऊन चढ ओढताना मात्र जवळपास गायब. ऑइलची पातळी बरोबर, डॅशबोर्डवर एकही दिवा नाही. याच काळात आणखी एक गोष्ट सुरू झाली होती: गरम गाडी बंद करून लगेच सेल्फ मारला, तर इंजिन पूर्वीपेक्षा उशिरा पकडायचं. सर्व्हिस सेंटरमध्ये ही दुसरी तक्रार ‘वेगळा विषय’ म्हणून बाजूला ठेवत होते. मी ती जॉब कार्डवर आग्रहाने लिहून घेतली.

फोरमनने चालू इंजिनवर एकेका इंजेक्टरचं (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारा भाग) विजेचं सॉकेट काढून पाहिलं. तिसऱ्याचं काढलं आणि ठोका थांबला. तिथेच निकाल झाला: तिसऱ्या सिलिंडरचं बिग एंड बेअरिंग (पिस्टनचा दांडा क्रँकला, म्हणजे इंजिनाच्या फिरत्या मुख्य दांड्याला, जोडतो तिथलं) गेलं, इंजिन उतरवा, क्रँक तपासा, कदाचित शॉर्ट ब्लॉकच (इंजिनाचा खालचा भाग) बदलावा लागेल. आणि ऑइल चेंबरचा एक बोल्टही सैल करायच्या आधी सांगून टाकलं की ओव्हरलोडिंगमुळे झालेलं नुकसान वॉरंटीत बसत नाही. माझ्या गाडीत मर्यादेपेक्षा जास्त माल कधी चढला नव्हता आणि फेऱ्यांच्या वजनपावत्या माझ्याकडे होत्या. त्या बघायला कुणी हात पुढे केला नाही.

फोरमनने केलेली चाचणी बरोबर होती. त्यावरून काढलेला निष्कर्ष चुकीचा होता, आणि हा फरक ज्याच्याकडे डिझेल गाडी आहे त्या प्रत्येकाला माहीत असावा. इंजेक्टरचं सॉकेट काढलं की त्या सिलिंडरमध्ये ज्वलन होत नाही. ज्वलन नाही म्हणजे पिस्टनवर तो जोरदार दाब नाही, म्हणून सैल बेअरिंगचा ठोका मंदावतो किंवा थांबतो. पण इंजेक्टरच बिघडला असेल तर त्याचाही ठोका तेव्हाच थांबणार, कारण तो डिझेलच सोडत नाही. ही चाचणी सिलिंडर सांगते, दोषी भाग सांगत नाही. इतक्याशा पुराव्यावर इंजिन उतरवायला सांगणं मला मान्य नव्हतं. मी सही न करता गाडी बाहेर काढली. ऑइलचा दाब तपासेपर्यंत तिच्यात माल भरायचा नाही, हेही ठरवलं. बेअरिंगची शंका असताना गाडी ओढत राहिलं तर पुढे क्रँकच जातो.

एक सूचना इथेच. जुन्या मेकॅनिकल पंपाच्या इंजिनांवर चालू गाडीत नोझलच्या पाइपचा नट सैल करून सिलिंडर ओळखायची पद्धत होती. कॉमन रेलवर (एका सामाईक नळीतून, म्हणजे रेलमधून, सगळ्या इंजेक्टरना उच्च दाबाचं डिझेल देणारी पद्धत) ते कधीही करू नका. आयडलिंगलासुद्धा रेलमध्ये काही शे बार दाब असतो, लोडवर तो दीड हजाराच्या पुढे जातो. असा फवारा कातडीतून आत शिरतो. वर टाचणीएवढी खूण दिसते, आणि आतल्या इजेला तातडीने शस्त्रक्रिया लागते. काही इंजिनांत पिएझो इंजेक्टर असतात, त्यांच्या सॉकेटवर शंभर व्होल्टच्या वर दाब येतो, म्हणून सॉकेट काढण्याचं कामही माहितगारानेच करावं.

आणि आता ज्याचा मला सगळ्यात जास्त राग आहे ते. माल वाहण्यासाठी बनवलेल्या या गाडीत ऑइल प्रेशरचा काटा नाही. फक्त लाल दिवा. दाब साधारण अर्ध्या बारच्या खाली घसरला की असा दिवा लागतो. तोपर्यंत बेअरिंगचं जे व्हायचं ते होऊन गेलेलं असतं. निरोगी गरम इंजिनात दोन हजार आरपीएमला दोन-तीन बार किंवा त्याहून जास्त दाब अपेक्षित असतो, म्हणजे ‘ठीक’ आणि ‘दिवा लागला’ यांच्यामध्ये जे बिघडत जातं ते चालवणाऱ्याला कधीच दिसत नाही. याच गाडीच्या स्क्रीनवर दार उघडं असल्याचं चित्र येतं, फोनची बॅटरी किती आहे ते येतं. इंजिनाच्या जीवाशी संबंधित एक आकडा येत नाही. काटा असता तर बेअरिंगचा वाद सुरू होण्याआधीच संपला असता. कंपनीला पाठवलेल्या पत्रात मी हे पहिल्या परिच्छेदात लिहिलं, आणि पुढची गाडी घेताना सगळ्यात आधी हेच बघणार आहे.

पुढचं काम डिझेल पंप आणि इंजेक्टर दुरुस्त करणाऱ्या एका स्वतंत्र मेकॅनिककडे झालं. त्यांनी आधी स्वस्तातल्या शक्यता काढून टाकल्या. बेल्ट उतरवून इंजिन जेमतेम अर्धा मिनिट चालवलं (या इंजिनात वॉटर पंप त्याच बेल्टवर आहे, म्हणून जास्त नाही). ठोका तसाच, म्हणजे अल्टरनेटरची पुली आणि टेन्शनर (बेल्ट ताणून धरणारा भाग) संशयातून सुटले. क्लच दाबून पाहिला, फरक नाही, म्हणजे फ्लायव्हीलवरचा संशय कमी. ब्रेक पुन्हा पुन्हा दाबून व्हॅक्यूम पंपावरचा भार बदलला, आवाज बदलला नाही. एक्झॉस्ट मॅनिफोल्डची गळती बहुधा थंडपणी वाजते आणि धातू तापून फुगला की बंद होते. आमचं नेमकं उलट होतं.

मग फोनवर आवाज रेकॉर्ड करून त्याची रेघ मोठी करून बघितली. चार स्ट्रोकच्या इंजिनात क्रँकच्या दोन फेऱ्यांत एका सिलिंडरचं ज्वलन एकदाच होतं. आठशे आरपीएमला एक फेरी ०.०७५ सेकंदाची, म्हणजे एका सिलिंडरचं ज्वलन दर ०.१५ सेकंदाला. आमचे उंचवटे ०.१५ च्या अंतराने होते. क्रँकबरोबर दर फेरीला वाजणाऱ्या गोष्टी यामुळे मागे पडतात. सैल बेअरिंगसुद्धा ज्वलनाच्या दाबाखालीच जास्त वाजू शकतं, म्हणून मेकॅनिकने याला पुरावा मानलं नाही आणि मीही मानत नाही. पण याला खर्च शून्य आहे आणि नेमकी दिशा मिळते.

बेअरिंगचा निकाल दोन गोष्टींनी लागला. ऑइल प्रेशर स्विच काढून त्या जागी मेकॅनिकल गेज लावलं, गरम इंजिनवर दाब आयडलिंगला आणि रेस दिल्यावर दोन्हीकडे उत्तम. नंतर ऑइल फिल्टर कापून कागदाच्या घड्या उलगडल्या. बेअरिंग झिजत असेल तर घड्यांत तांबूस किंवा चंदेरी चमक दिसते. ती चुंबकाला चिकटत नाही, कारण बेअरिंगच्या थरांत तांबं, कथील, अ‍ॅल्युमिनियम असे धातू असतात. आमच्या फिल्टरमध्ये नुसती काजळी होती. गेज लावायला आणि फिल्टर कापायला मिळून एक तासही लागला नाही, आणि सर्व्हिस सेंटरकडे ही दोन्ही साधनं होती.

इथपर्यंतचं लिहून ठेवलं तेव्हा माझं मत होतं की ही गाडी कुणी घेऊ नये. आता ते मत तसं राहिलेलं नाही. इंजिनाबद्दलचा राग उतरला, सर्व्हिसबद्दलचा वाढला. वरचं काही बदलत नाही, पण पुढचं वाचूनच गाडीबद्दल ठरवा.

स्कॅनर लावल्यावर आयडलिंगचे करेक्शनचे आकडे बघितले. ईसीयू (इंजिनाचा संगणक) प्रत्येक सिलिंडरच्या ज्वलनानंतर क्रँक किती वेग घेतो ते मोजतो आणि त्याप्रमाणे डिझेल कमी-जास्त करतो. तिसऱ्या सिलिंडरमधून तो सतत डिझेल कापत होता, बाकी तिघांचे आकडे शून्याच्या आसपास. बेअरिंग सैल असल्याने सिलिंडरला जादा ताकद मिळत नाही. जादा डिझेल मिळाल्यानेच मिळते.

मग रिटर्नची, म्हणजे इंजेक्टरमधून टाकीकडे परत जाणाऱ्या डिझेलची चाचणी. चारही इंजेक्टरच्या रिटर्नला पारदर्शक नळ्या लावून चार सारख्या बाटल्यांत सोडल्या आणि इंजिन चालू ठेवलं. तिघांच्या बाटल्यांत तळाशी थोडं डिझेल जमलं तोवर तिसऱ्याची बाटली भरत आली होती. गरम गाडी उशिरा का पकडत होती तेही इथेच उलगडलं: गरम डिझेल पातळ होतं, खराब इंजेक्टरमधून जास्त परत जातं आणि सेल्फ फिरत असताना रेलमध्ये पुरेसा दाब बनत नाही. ‘वेगळा विषय’ म्हणून बाजूला सारलेली तक्रार याच बिघाडाचं दुसरं लक्षण होती.

तरीही मेकॅनिकने इंजेक्टर लगेच बदलला नाही. त्यांनी पहिल्या आणि तिसऱ्या सिलिंडरच्या इंजेक्टरची अदलाबदल केली. नवे कॉपर वॉशर, नवे प्रेशर पाइप, आणि दोन्ही इंजेक्टरचे कोड (प्रत्येक इंजेक्टरच्या मापाचा त्याच्यावर छापलेला क्रमांक) ईसीयूमध्ये नव्या जागांप्रमाणे भरले. इंजिन गरम होऊ दिलं. ठोका होताच, पण आता तिसऱ्याचं सॉकेट काढून तो थांबेना. पहिल्याचं काढलं आणि थांबला. बेअरिंग जागेवरून हलत नाही, इंजेक्टर हलवला. माझ्या मते संपूर्ण तपासात हीच चाचणी खरी निर्णायक आहे, आणि इंजिन उतरवायला सांगणाऱ्या प्रत्येक वर्कशॉपला ती आधी करायला लावली पाहिजे.

ठोका इंजेक्टरमुळे का येतो, ते मला त्यांनी फार चांगलं समजावलं. पेट्रोल इंजिनातली नॉकिंग ज्वलनाच्या शेवटी होते, उरलेलं मिश्रण आपोआप पेटतं तेव्हा. डिझेलमध्ये ठोका सुरुवातीलाच असतो. डिझेल आत गेल्यावर पेटायला क्षणभर उशीर लागतो, आणि त्या उशिरात जमलेलं सगळं एकदम पेटलं की दाब झटक्यात चढतो. हे टाळायला कॉमन रेलमध्ये मुख्य फवाऱ्याआधी पायलट फवारा असतो, जेमतेम एक-दोन घन मिलिमीटरचा. तो आधी पेटून जागा गरम करतो, मग मुख्य फवारा शांतपणे पेटतो. कंट्रोल व्हॉल्व्हची बैठक झिजलेल्या इंजेक्टरला एवढं बारीक माप जमत नाही आणि तो सिलिंडर वाजू लागतो. पूर्ण लोडवर सिलिंडर मुळातच इतका तापलेला असतो की पेटण्याचा उशीर कमी होतो, म्हणून चढावर आमचा ठोका नाहीसा व्हायचा. बेअरिंग गेलेलं असतं तर चढावर आवाज वाढला असता. ही माहिती पहिल्या दिवसापासून जॉब कार्डवर होती.

गेजचे फोटो, रिटर्नच्या बाटल्यांचे फोटो आणि करेक्शनचे आकडे जोडून कंपनीला लेखी पत्र पाठवलं. आधी उत्तर आलं की गाडी बाहेर उघडली, म्हणून जबाबदारी नाही. वजनपावत्या आणि जॉब कार्डची प्रत पुन्हा पाठवल्यावर सर्व्हिस सेंटरने रिटर्नची चाचणी स्वतः करून पाहिली. तोच इंजेक्टर, तोच निकाल. मग डिझेलमध्ये पाणी असेल, तो वापरणाऱ्याचा दोष, असा नवा मुद्दा आला. ईसीयूमध्ये पाण्याच्या बिघाडाचा एकही फॉल्ट कोड साठवलेला नव्हता, तो रिपोर्ट त्यांच्याच स्कॅनरमधून छापून घेतला. शेवटी इंजेक्टर वॉरंटीत मिळाला. नवा कोड भरला, आणि तेव्हापासून इंजिन थंड-गरम दोन्ही वेळी शांत आहे. सेल्फ अर्ध्या फिरकीत पकडतो.

पाण्याचा मुद्दा मात्र मी सोडून दिलेला नाही. फिल्टरच्या तळाचा पाणी काढायचा स्क्रू ब्रॅकेटच्या मागे असा बसवलाय की हात जात नाही. आता लांब पान्याने दर सर्व्हिसच्या मध्ये एकदा तरी पाणी काढतो, आणि फिल्टर ठरलेल्या मुदतीच्या आधी बदलतो. इंजेक्टरच्या आतली फट काही मायक्रॉनची असते, तिथे पाणी किंवा कचरा गेला की दुरुस्तीचा खर्च फिल्टरच्या कितीतरी पट होतो. कोणी म्हणेल की आवाजावर सीटेन (डिझेल किती चटकन पेटतं त्याचं माप) वाढवणारं अ‍ॅडिटिव्ह टाका. चांगल्या डिझेलवर चालणाऱ्या निरोगी इंजिनाला त्याची गरज नाही, आणि खराब इंजेक्टरचा ठोका त्याने दबला तर दोष शोधायला आणखी उशीर होतो.

गाडी ठेवतोय. ऑइल प्रेशर स्विचच्या जागी टी-जोड लावून खरा काटा बसवून घेतला आहे, स्विच आणि दिवा दोन्ही चालू ठेवून. ही गाडी घेणाऱ्यांना सांगेन, घ्या, पण आवाजाच्या तक्रारीवर सर्व्हिस सेंटरने ‘बेअरिंग’ हा शब्द काढला तर दाबाचा आकडा, कापलेला फिल्टर आणि इंजेक्टरची अदलाबदल या तिन्हींचा निकाल जॉब कार्डवर लिहून मागा, आणि तोवर इंजिन उतरवायच्या कागदावर सही करू नका. तपासाचा खर्च परत मागणारं माझं दुसरं पत्र कंपनीकडे आहे, आणि उत्तर येईपर्यंत दर महिन्याला आठवण पाठवणार आहे.