होल्डिंग डिपॉझिट खाणारा एजंट आणि त्याच्याकडे असलेली आपली फाइल

इंग्लंडमधे भाड्याने घर शोधताय त्या सगळ्यांसाठी लिहितोय, खासकरून जे नुकतेच वर्क व्हिसावर आलेत आणि एजंटने कायद्याचं नाव घेऊन काही सांगितलं की गप्प बसतात त्यांच्यासाठी.

रेडिंगला एक वन बेडरूम फ्लॅट बघितला, भाडं महिना १३०० पाउंड, बायकोलाही आवडला, एजंट म्हणाला आजच होल्डिंग डिपॉझिट भरा म्हणजे बाकीच्यांना दाखवणं बंद करतो. ३०० पाउंड भरले. रकमेत गडबड नव्हती, टेनंट फीज अ‍ॅक्ट २०१९ प्रमाणे एका आठवड्याच्या भाड्यापर्यंत घेता येतात आणि महिना १३०० चे ते (वर्षाचं भाडं भागिले ५२) बरोब्बर ३०० होतात. मग पासपोर्ट, राइट टू रेंटचा (म्हणजे इथे भाड्याने राहायच्या कायदेशीर हक्काचा) ऑनलाइन शेअर कोड, पेस्लिपा, बँक स्टेटमेंट, आधीच्या घरमालकाचा नंबर, बायकोचंही सगळं तसंच, मागितलं तसं त्याच दिवशी अपलोड केलं. नंतर फोन केला की एकच उत्तर, रेफरन्सिंग, म्हणजे पगार आणि आधीच्या घरमालकाची तपासणी, चालू आहे. आणि एक दिवस ईमेल आला की तुम्ही सांगितलेला पगार आणि आमच्या तपासणीत निघालेला पगार जुळत नाही, तुम्ही चुकीची आणि दिशाभूल करणारी माहिती दिलीत, म्हणून डिपॉझिट परत मिळणार नाही.

हे शब्द त्याने सहज लिहिलेले नव्हते. कायद्याने होल्डिंग डिपॉझिट ठेवून घ्यायला मोजकीच कारणं आहेत, तुम्ही स्वतः माघार घेतलीत, राइट टू रेंटमधे नापास झालात, खोटी किंवा दिशाभूल करणारी माहिती दिलीत, किंवा कागदपत्रं द्यायला टाळाटाळ करून वेळ घालवलात. मालकाचा विचार बदलला तर मात्र सगळे पैसे ७ दिवसांत परत द्यावे लागतात. म्हणजे पैसे खायचे तर दोष तुमच्यावर ढकलायलाच हवा. आणि व्हिसावर असलेल्या माणसाला 'खोटी माहिती' असं लेखी कळवलं की तो ३०० पाउंड विसरून जातो, उगाच कुठे रेकॉर्डवर नको यायला म्हणून. याच भीतीवर यांचं फावतं. माझ्या ओळखीतल्या एकाने असेच पैसे सोडून दिले, फार वाईट वाटलं ऐकून.

माझा पगार पेस्लिपवर होता तोच मी लिहिला होता, त्यामुळे डोक्यात तिडीक गेली. पण त्याच्याशी वाद घालण्याऐवजी मी सब्जेक्ट अ‍ॅक्सेस रिक्वेस्ट पाठवली. यूके जीडीपीआर या माहिती-संरक्षण कायद्याच्या कलम १५ खाली कुठल्याही संस्थेकडे आपल्याबद्दल जी माहिती आहे तिची कॉपी मागायचा आपला हक्क आहे, आणि लेटिंग एजंटही त्यात आलाच. नुसती आपण दिलेली कागदपत्रं नाही हं, आपल्याबद्दल त्यांनी एकमेकांना लिहिलेले ईमेल, सिस्टिममधल्या नोंदी, मालकाला पाठवलेले मेसेज, फोन रेकॉर्ड करत असतील तर तेही. सॉलिसिटर लागत नाही, कारण सांगावं लागत नाही.

मग टोलवाटोलवी सुरू झाली. आधी म्हणे आमचा फॉर्म भरा आणि १० पाउंड अ‍ॅडमिन फी. हे १० पाउंड जुन्या कायद्यातले आहेत, मे २०१८ पासून साधी रिक्वेस्ट फुकट असते, आणि फॉर्मची सक्ती त्यांना करता येत नाही. मग म्हणे तुम्ही आमचे टेनंटच नाही त्यामुळे हक्क नाही. साफ खोटं, भाडेकरार झाला की नाही याचा काही संबंध नाही, माहिती तुमच्याबद्दलची असली की झालं. मग महिना संपत आल्यावर ओळखपत्र पाठवा असा ईमेल. ज्याच्याकडे माझा पासपोर्ट पडलाय तोच मला विचारतोय तू कोण! ओळखीबद्दल खरंच शंका असेल तर विचारता येतं, पण लगेच विचारायला पाहिजे, मुदत संपवण्यासाठी नाही. मी तसं लिहिलं, आणि सोबत हेही लिहिलं की रिक्वेस्ट आल्यानंतर माहिती लपवण्यासाठी ती बदलणं किंवा डिलीट करणं हा डेटा प्रोटेक्शन अ‍ॅक्ट २०१८ च्या कलम १७३ खाली गुन्हा आहे. त्यानंतर पीडीएफ आली.

मालकाचं नाव वगैरे काळ्या पट्ट्यांनी झाकलेलं होतं, ते ठीक आहे, दुसऱ्याची माहिती झाकता येते. पण रेफरन्सिंगचा रिपोर्ट उघडा होता आणि त्यावर पगार कंपनीकडून कन्फर्म झाल्याची नोंद, माझा आकडा जसाच्या तसा, खाली निकाल पास. त्याच्या दुसऱ्या दिवशी एजंटचा मालकाला ईमेल की दुसरे अर्जदार महिन्याला जास्त द्यायला तयार आहेत, आधीच्यांचं मी बघतो. आधीचे म्हणजे आम्ही. आणि मला खोटं ठरवणारा ईमेल त्यानंतरचा. शिवाय बायकोचं पूर्ण बँक स्टेटमेंट, रोजच्या खर्चासकट, मालकाच्या खाजगी ईमेलवर फॉरवर्ड केलेलं. पैशांपेक्षा तिला याचा जास्त त्रास झाला, आणि मलाही.

या तीन तारखा एकाखाली एक लिहून रीतसर तक्रार पाठवली. उत्तरात ३०० पाउंड परत देतो, पण कुठेही तक्रार करणार नाही असं लिहून द्या. लिहून दिलं नाही. पैसे तरीही आले.

पैसे आले नसते तर फर्स्ट-टियर ट्रायब्युनल या न्यायाधिकरणाकडे जाता येतं, आणि ट्रेडिंग स्टँडर्ड्स (कौन्सिलचं ग्राहक-संरक्षण खातं) असं बेकायदा डिपॉझिट ठेवून घेणाऱ्याला पहिल्या वेळी ५००० पाउंडांपर्यंत दंड करू शकतात. प्रत्येक एजंट कुठल्यातरी रिड्रेस स्कीमचा (तक्रार निवारण योजनेचा) मेंबर असावाच लागतो, तिथे जाण्याआधी मात्र एजंटला लेखी तक्रार करून ८ आठवडे द्यावे लागतात. माहितीच दिली नाही किंवा अर्धवट दिली तर आयसीओकडे, म्हणजे माहिती-संरक्षणाच्या सरकारी नियामकाकडे, तक्रार करायची, बायकोच्या स्टेटमेंटची मी तिथेच केलीये.

रिक्वेस्टमधे फार काही लिहायचं नसतं. पूर्ण नाव, घराचा पत्ता, अर्ज केल्याची तारीख, आणि 'माझ्याबद्दलची सगळी वैयक्तिक माहिती द्या, मालकाशी आणि रेफरन्सिंग कंपनीशी झालेल्या पत्रव्यवहारासकट' एवढं पुरतं. रेफरन्सिंग कंपनी वेगळी असते, तिलाही स्वतंत्र ईमेल करा, एजंटने रिपोर्ट गाळला तरी तिच्याकडून मिळतो. मुदत रिक्वेस्ट पोचल्यापासून एक महिना, गुंतागुंतीचं प्रकरण असेल तर अजून दोन महिने वाढवू शकतात, पण तसं पहिल्या महिन्यातच कळवावं लागतं. फोनवर मागितलं तरी कायद्याने चालतं, पण ईमेलच करा, आणि ऑटो रिप्लाय आला तर तोही जपून ठेवा, कधी पोचलं यावरून ते भांडतात.