ट्यूब की ट्यूबलेस? उल्हास खोऱ्यातल्या कच्च्या वाटांसाठी

मुंबईहून ग्रॅव्हल सायकल (कच्च्या रस्त्यांवरही चालणारी, रुंद टायरची सायकल) घेऊन कर्जत-नेरळच्या बाजूला जाणाऱ्यांना हा प्रश्न हमखास पडतो.

पंक्चर: तिथल्या वाटांवर खरा त्रास बाभळीच्या काट्यांचा. ट्यूबलेसमध्ये, म्हणजे ट्यूबशिवायच हवा धरणाऱ्या टायरमध्ये, 60 मिली सीलंट (भोक बुजवणारा द्रव) असलं की काट्याचं भोक चाक फिरता फिरताच बुजतं. ट्यूबवाल्याने टायरच्या आतून फडकं फिरवावं. काट्याचं मोडकं टोक असेल तिथे ते अडकतं. ते टोक राहिलं, तर नवी ट्यूबही पंक्चर झालीच म्हणून समजा.

हवा: 75 किलो वजनाला 40 मिमी टायरमध्ये ट्यूबलेसवर साधारण 30-35 पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) हवा पुरते. तेवढ्याच हवेवर दगड लागला तर ट्यूब रिमशी चिमटून शेजारी-शेजारी दोन भोकं पडतात. म्हणून 40-45 भरावी लागते आणि हादरे थेट मनगटात येतात.

देखभाल: इथे ट्यूब सरळ पुढे. सीलंट उन्हाळ्यात दोन-तीन महिन्यांत सुकतं, व्हॉल्व्हमध्ये गोळा धरतं. टायर रिमवर बसवायला एकदम जोराचा झोत लागतो, साधा पंप अनेकदा कमी पडतो.

खर्चही ट्यूबचाच कमी.

दर आठवड्याला कच्च्या वाटेवर असाल तर ट्यूबलेसच घ्या, पण एक ट्यूब सोबत ठेवा: टायर बाजूने चिरला तर तीच घरी आणते. ती घालण्याआधी रुतलेले सगळे काटे उपटा. महिनोन्‌महिने सायकल गॅलरीत उभी राहत असेल, तर ट्यूबच बरी.