चामा घ्यावा की स्पाँडिलस? बडोद्यातल्या कपाटासाठी एक तुलना

खडकाला स्वतःला कायमचं चिकटवून घेणाऱ्या शिंपल्यांपैकी एकच चांगला नमुना घ्यायचा असेल, तर निवड बहुतेक वेळा दोघांतच होते. एक चामा, दुसरा स्पाँडिलस. कालवंही असेच चिकटतात, पण कपाटात ठेवायला म्हणून कालव कोणी विकत घेत नाही. खाडीकाठच्या ओळखीच्या माणसाकडून फुकट मिळतं, एक घ्यावं आणि पुढे जावं.

दिसण्यात स्पाँडिलस सरळ जिंकतो, त्यात वाद नाही. शेंदरी, जांभळा, पिवळा अशा रंगांत येतो आणि अंगभर बोटाएवढे लांब काटे. पाहुणा आधी तोच उचलायला जातो, आणि त्रासाची सुरुवात तिथेच होते, पण ते पुढे. त्याला इतिहासही मोठा आहे. नवाश्मयुगात एजियन समुद्रातल्या स्पाँडिलसची कडी आणि मणी थेट मध्य युरोपापर्यंत पोचले होते. इंग्रजीत त्याला काटेरी कालव म्हणत असले तरी नातं कालवांपेक्षा स्कॅलप या पंख्याच्या आकाराच्या शिंपल्याशी जवळचं. जिवंतपणी कवचाच्या कडेला बारीक डोळ्यांची रांग असते. वर्गात सांगायला हे सगळं भारी आहे.

चामा त्यामानाने साधा. पांढरा, फिकट गुलाबी, कधी लिंबोणी. काट्यांऐवजी पापुद्र्यांची झालर. चामा लाझारस या जातीत ही झालर बऱ्यापैकी लांब वाढते, पण बुंध्याशी रुंद असते. पुढचं सगळं या रुंद बुंध्यावर ठरतं.

आता शिकवण्याच्या दृष्टीने. चामाची एक झडप खोल वाटीसारखी, खडकाला चिकटलेली. दुसरी तिच्यावरचं चपटं झाकण. झाकण हातात घ्या, बाहेरची बाजू स्वतःकडे आणि चोच, म्हणजे बिजागरीजवळचं वळलेलं टोक, वर. चोच उजवीकडे वळलेली असेल तर प्राणी डाव्या झडपेने चिकटलेला होता, म्हणजे चामा. डावीकडे वळलेली असेल तर उजव्या झडपेने चिकटलेला, त्याला स्यूडोचामा म्हणण्याची पद्धत आहे. (नव्या अभ्यासांनंतर ही विभागणी एवढी सरळ राहिलेली नाही, पण नमुना ओळखायला खूण अजून उपयोगी आहे.) आतून पाहिलं तर स्नायूंच्या दोन मोठ्या खुणा, जवळपास सारख्या आकाराच्या. स्पाँडिलसमध्ये आणि कालवात एकच. शिवाय स्पाँडिलस चिकटतो उजव्या झडपेने आणि कालव डाव्या. तिन्ही शेजारी मांडले की चिकटण्याची युक्ती वेगवेगळ्या कुळांनी आपापली साधली आहे, हे मुलांना न सांगता दिसतं.

बिजागरीत मात्र स्पाँडिलस वरचढ. दोन दात दोन खोबणींत असे अडकतात की प्राणी गेल्यावरही झडपा सहसा सुटत नाहीत. जोर लावून जास्त उघडू नये, दात मोडतो. चामाच्या झडपा बाहेरच्या तपकिरी बंधाने जोडलेल्या असतात, आणि तो बंध वाळला की तडकतो. मग झाकण एकीकडे, वाटी एकीकडे. किनाऱ्यावर चामाचं नुसतं झाकण सापडतं तेही यामुळेच. वाटी खडकावर राहते. म्हणून ओला नमुना मिळाला तर झडपा मिटवून सुती दोऱ्याने बांधाव्यात आणि सावलीत वाळवाव्यात. दोरा घाईने सोडू नये.

इथपर्यंत पारडं स्पाँडिलसकडे झुकलेलं वाटेल. ते फिरलं धुळीमुळे.

बडोद्याचा उन्हाळा ज्यांना ठाऊक आहे त्यांना जास्त सांगायला नको. एप्रिल-मेमध्ये खिडकी उघडी ठेवली की संध्याकाळपर्यंत टेबलावर बोटाने नाव लिहिता येतं. काचेच्या कपाटातही ती धूळ फटींतून शिरते आणि स्पाँडिलसच्या काट्यांच्या बुंध्याशी जाऊन बसते. काटे इतके दाट की तिथे फडकं पोचत नाही. सुती कपडा वापरलात तर त्याचे धागे काट्यांच्या टोकांना अडकतात, ओढलं की टोक कट्कन जातं. कापसाच्या गादीवर ठेवला तरी तेच. रबरी पंपाने हवा मारली तर वरची धूळ उडते, बुंध्याची राहते. शेवटी चित्रकलेचा बारीक मऊ ब्रश घेऊन प्रत्येक काट्याभोवती फिरवावा लागतो. त्यात नमुना उलटा धरायचा म्हणजे खालचे काटे तळहातावर, आणि खालच्या बाजूलाही काटे असणारा स्पाँडिलस नुसता ठेवला तरी आपल्या वजनाने त्यांच्याच टोकांवर उभा असतो.

त्यात तेलाची भर. वाळलेल्या शिंपल्याचा रंग उठावा म्हणून त्यावर लिक्विड पॅराफिनचा हलका हात फिरवतात. रावपुऱ्यात कुठल्याही औषधांच्या दुकानात मिळतं. चामावर तेल लावून पुसून काढता येतं. स्पाँडिलसच्या काट्यांमधून पुसता येत नाही, तिथे ते साचतं, आणि तेलावर धूळ बसली की दोन उन्हाळ्यांत राखाडी चिखल तयार. तो काढायला कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणाचा थेंब टाकून भिजवायचं, ब्रश फिरवायचा, आणखी एखादं टोक गमवायचं. माझ्याकडच्या स्पाँडिलसचे काटे असेच कमी होत गेले. चामाची झालर, बुंधा रुंद असल्याने, जवळपास होती तशी आहे. मोजमाप काही केलेलं नाही, आणि तुमच्या घरी धूळ कमी असेल तर अनुभव वेगळाही येईल.

मोडक्या काट्यांचा दुसरा परिणाम बाजारात दिसतो. सुंदर स्पाँडिलसचे काटे गोंदाने जोडलेले असू शकतात. बुंध्याशी भिंगाने पाहावं: काट्यावरच्या रेषा कवचावर सलग उतरतात का, की मध्येच चकचकीत गोल कडा लागते? अतिनील टॉर्चखाली बरेच गोंद निळसर पांढरे चमकतात. चामाच्या बाबतीत अशी कारागिरी करण्याएवढे पैसे सहसा नसतात, म्हणून तिथे फसवणूकही कमी.

साफसफाई दोघांचीही सारखीच सुरू होते. घरगुती ब्लीच आणि पाणी समसमान, काही तास. शेवाळ, स्पंज, मेलेलं मांस सुटतं. बार्नेकल (कवचाला चिकटून वाढणारे छोटे टणक जीव) आणि किड्यांच्या चुनखडी नळ्या सुटत नाहीत, त्या दंतवैद्याकडच्या टोचणीसारख्या हत्याराने उचकटाव्या लागतात. चामाची बिजागरी ब्लीचमध्ये बुडवू नये, बंध विरघळतो. ॲसिड दोघांनाही नको, पापुद्रे आणि काट्यांची टोकं तेच आधी खातं. आणि ब्लीचमध्ये ॲसिड पडलं तर क्लोरीन वायू निघतो, तेव्हा संडास साफ करायची बाटली जवळपाससुद्धा नको. शेवटी साधं पाणी तीन-चार वेळा बदलून भिजवणं. स्पाँडिलसच्या जाड कवचात पोखरणाऱ्या स्पंजाची भोकं असतील तर वास बराच काळ येत राहतो.

पावसाळ्यात प्लायवूडच्या खणातून, पुठ्ठ्यातून निघणारी आम्लाची वाफ कवचातल्या कॅल्शियम कार्बोनेटवर पांढरी भुकटी चढवते. लोखंडी कपाट किंवा पॉलिप्रॉपिलीनचे डबे, आत सिलिका जेल, आणि खाली कापसाऐवजी टीव्हीच्या पॅकिंगमधला पांढरा फोम कोरून खाच. विश्वामित्री नदीचं पाणी जिथे शिरतं त्या वस्त्यांत खालचा खण रिकामा ठेवलेला बरा.

मिळवायचं कुठून? द्वारकेच्या बाजूचं ओखामंडळ एकेकाळी बडोदे संस्थानात होतं आणि सागरी जीवांचे अभ्यासक जेम्स हॉर्नेल यांनी तिथल्या समुद्रजीवांची पाहणी संस्थानासाठीच केली होती. 1909 मध्ये तिचा पहिला भाग निघाला. त्या हक्काने द्वारकेच्या सहलीत पिशवी भरून आणण्याचा मोह होतो. पण कच्छच्या आखातातलं सागरी राष्ट्रीय उद्यान 1982 पासून आहे, आणि त्याच्या हद्दीतून मेलेला शिंपलाही उचलायचा नाही. वन्यजीव कायद्याच्या सूचींत काही शिंपले-शंखही आहेत. म्हणून विकत घेताना जातीचं नाव आणि ठिकाण लिहिलेलं बिल मागावं, नाव सूचीत तपासावं.

बंद काचेची पेटी आणि महिन्याला अर्धा तास देण्याची तयारी असेल तर स्पाँडिलस जरूर घ्या, त्याच्यासारखा देखणा दुसरा नाही. शाळेच्या कपाटासाठी, जिथे पंचवीस हात लागणार, मी चामा सुचवीन, आणि तोही खडकाच्या तुकड्यासकट: खडकापासून सुटा केलेला नमुना स्वस्त पडतो, पण खालची वाटी बऱ्याचदा तिथेच तडकलेली असते.